कारंजा लाडची हिवाळी यात्रा : मुक्काम कोठे करावा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे येणाऱ्या दत्तभक्तांचा मोठा ओघ हिवाळ्यातच असतो आणि त्याचे कारण पंचांगात आहे. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते. दत्तात्रेयांचे अवतार मानल्या जाणाऱ्या श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म याच गावी पौष शुद्ध द्वितीयेला झाला, अशी परंपरा आहे. आणि गाणगापूरहून त्यांनी केलेल्या निजगमनाची तिथी, म्हणजेच गुरुप्रतिपदा, माघ वद्य प्रतिपदेला पाळली जाते. या तिन्ही तिथी थंडीच्या महिन्यांत येतात आणि त्यांपैकी मधली काही वर्षी नाताळच्या सुट्टीला लागूनच येते, त्यामुळे व्रतस्थ भाविक आणि सहकुटुंब सुट्टीवर निघालेली मंडळी एकाच वेळी खोल्यांच्या शोधात असतात. अशा दिवसांत मुक्कामाची निवड चुकलेल्या यात्रेकरूंचे अनुभव ताडून पाहिले तर त्यांच्या मुळाशी बहुधा एकच चूक आढळते : खोली आधी ठरवली जाते आणि त्या खोलीतून कोणत्या वेळी कोठे पोहोचायचे आहे, याचा विचार नंतर होतो.

उपलब्ध पर्यायांचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे लागते. कारंजातील श्रीगुरुमंदिरात १९३४ साली ब्रह्मानंद सरस्वती यांनी पादुकांची स्थापना केली आणि आज भाविकांच्या वास्तव्यासाठी तेथे भक्तनिवासाची सोय आहे. भक्तनिवास म्हणजे देवस्थानाने चालवलेली, अल्प शुल्क घेणारी आणि देवस्थानाच्या शिस्तीने बांधलेली निवासव्यवस्था होय. धर्मशाळा ही त्याहून जुनी संस्था असून ती बहुधा एखाद्या समाजाच्या किंवा पंथाच्या देणगीतून उभी राहते आणि तिचे नियम त्या पंथाच्या आचारधर्मावर बेतलेले असतात. लॉज हा व्यावसायिक निवास असल्यामुळे तेथे आचाराचे नियम नसतात, मात्र पहाटे तीन वाजता उठणाऱ्या पाहुण्याला गरम पाणी मिळेलच, अशी हमीही नसते. चौथा पर्याय म्हणजे अकोला, अमरावती किंवा वाशीम यांसारख्या जिल्ह्याच्या शहरी हॉटेलात राहून कारंजाला जाऊन-येऊन दर्शन घेणे हा होय.

यांपैकी चौथा पर्याय कागदावर सर्वांत सोयीचा दिसतो आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत जास्त फसवतो. ही शहरे कारंजापासून साठ ते सत्तर किलोमीटरच्या टप्प्यात आहेत आणि मोटारीने हे अंतर दीड तासाचे ठरते. परंतु दत्तस्थानाचा दिवस पहाटेच्या काकड आरतीने सुरू होतो, दुपारच्या महाप्रसादाने मध्यावर येतो आणि रात्रीच्या शेजारतीने संपतो. दोन्ही टोकांच्या आरत्या साधायच्या असतील तर अकोल्यात उतरलेल्या कुटुंबाला रात्री अकरा-साडेअकराला खोलीवर परतून पुन्हा तीनच्या आत आंघोळी उरकाव्या लागतात. सत्तरीच्या पुढच्या आईवडिलांना घेऊन पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी नेमके हेच केले. परिणामी वडिलांना पहाटेच्या गारठ्यात गाडीत बसवताना खोकल्याची उबळ आली, गाडी निघायला उशीर झाला आणि मंडळी पोहोचली तेव्हा आरती होऊन दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आलेली होती. दुपारी वृद्धांना घटकाभर आडवे होण्यासाठी जवळपास जागा नव्हती, म्हणून ती दोघे संध्याकाळपर्यंत मोटारीच्या मागच्या आसनावर पाय दुमडून बसून राहिली. अकोल्याच्या खोलीत उत्तम गादी, गिझर आणि नाश्ता यांची सोय होती. तथापि त्या दिवसात यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही.

दूर राहून उत्सव गाठण्याची पद्धत सर्वत्र चुकीची असते असे मात्र नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळात भरणारा बाजार जगप्रसिद्ध असून त्या काळात शहरातील खोल्या महाग आणि दुर्मीळ होतात, तेव्हा अनुभवी प्रवासी शेजारच्या फ्यूर्थ गावात उतरतात. तेथून भुयारी रेल्वेचा एकच मार्ग थेट न्यूरेंबर्गच्या मध्यभागी जात असल्याने दूरचा मुक्काम त्यांना महागात पडत नाही. कारंजालाही एके काळी असा एक दुवा होता : मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फूट रुंदीची अरुंदमापी लोहमार्गाची शाखा कारंजावरून जात असे आणि तिच्यावर धावणारी गाडी ‘शकुंतला’ या नावाने वऱ्हाडात सर्वतोमुखी होती. ती गाडी बंद पडल्यानंतर रेल्वेने येणाऱ्याला मूर्तिजापूरला उतरून उरलेले तीसएक किलोमीटर रस्त्यानेच यावे लागते. लांब पल्ल्याच्या अनेक जलद गाड्या तर तेथे थांबतही नाहीत, म्हणून त्यांच्या प्रवाशांना अकोला किंवा बडनेरा गाठावे लागते. ज्या ठिकाणी पहाटे आणि रात्री भरवशाचे सार्वजनिक वाहन नाही, तेथे लांबच्या मुक्कामात वाचलेले पैसे भाड्याच्या मोटारीत जातात आणि गेलेली झोप भरून निघत नाही, हा या तुलनेतून निघणारा निष्कर्ष आहे.

सप्ताहासाठी येणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा असतो. गुरुचरित्राचे सप्ताह-पारायण म्हणजे ग्रंथाचे ठरावीक अध्याय रोज वाचून तो सात दिवसांत पूर्ण करणे होय. प्रचलित क्रमानुसार पहिल्या दिवशी नवव्या, दुसऱ्या दिवशी एकविसाव्या आणि तिसऱ्या दिवशी एकोणतिसाव्या अध्यायापर्यंत वाचन होते व दत्तजयंतीला समाप्ती यावी अशा बेताने आरंभाचा दिवस धरला जातो. वाचनाची जागा बदलू नये, सोवळ्याने वाचावे, हविष्यान्न म्हणजे व्रताला चालणारे साधे, तिखट-मिठाविना केलेले अन्न घ्यावे आणि रात्री पलंगावर न झोपता जमिनीवर शय्या करावी, असे नियम परंपरेने सांगितले आहेत. या नियमांमुळे खोलीची कसोटीच बदलते. दोन रात्रींनंतर खोली रिकामी करावी लागणाऱ्या ठिकाणी पारायण धरता येत नाही, म्हणून सलग सात-आठ रात्री राहू देतात का, हे आधी विचारावे. आणि शय्या जमिनीवरच करायची असल्यामुळे गादीच्या दर्जापेक्षा फरशीचा गारवा अधिक महत्त्वाचा ठरतो. नुसत्या सतरंजीवर तीन रात्री काढून कंबर धरलेल्या पारायणकर्त्याला उरलेले चार दिवस मांडी घालून बसणे किती जड जाते, हे ज्यांनी भोगले आहे ते पुढच्या खेपेला जाड घोंगडी घरूनच आणतात.

कारंजा हे जैन परंपरेचेही जुने केंद्र आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर परंपरेतील तिन्ही शाखांची मंदिरे या गावात असून येथील हस्तलिखितांच्या भांडारांमुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे, तर १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमामुळे शिक्षणाच्या क्षेत्रातही त्याची ओळख झाली. जैन आचार पाळणाऱ्या निवासात उतरताना रात्रिभोजनत्यागाचा, म्हणजे सूर्यास्तानंतर न जेवण्याचा, नियम लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याआधीच भोजनशाळा आवरलेली असते. मुंबई-पुण्याहून निघालेली कुटुंबे बहुधा रात्री आठ-नऊला पोहोचतात. त्यांच्याबरोबर लहान मुले असतील आणि शिदोरी संपलेली असेल, तर त्या वेळी कोणालाही दोष देण्यात अर्थ नसतो, कारण नियम पाहुण्याच्या येण्याआधीपासून तेथे आहे. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असणे हा त्याच आचाराचा भाग असून बाहेरून आणलेले खाद्यपदार्थ खोलीत खाण्यासही अशा ठिकाणी मनाई असू शकते.

खोलीची पाहणी हिवाळ्याच्या दृष्टीने करताना तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहाव्यात. पहिली गोष्ट गरम पाण्याची. सौर बंबाचे, म्हणजे गच्चीवरील नळ्यांत उन्हाने तापणारे, पाणी संध्याकाळी कढत असते. परंतु शंभर माणसांनी रात्री हातपाय धुतल्यावर पहाटे चारला त्याच नळाला कोमट, आणि थोड्या वेळाने गार पाणी येते. म्हणून ‘गरम पाणी आहे का’ एवढेच न विचारता ‘पहाटे चारला, किती बादल्या, कोठून’ असे विचारावे आणि उत्तर मोघम आले तर बादलीतला हीटर चालवण्याची परवानगी आहे का, तेही स्पष्ट करून घ्यावे. दुसरी गोष्ट पांघरुणाची. विदर्भात दुपारी अंगावर स्वेटर नको वाटतो आणि पहाटे मात्र पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, त्यामुळे दुपारी खोली पाहणाऱ्याला रात्रीचा अंदाज येत नाही आणि माणशी एक पातळ ब्लँकेट त्याला पुरेसे वाटते. तिसरी गोष्ट संडास-न्हाणीघराच्या जागेची : सामाईक व्यवस्था उघड्या व्हरांड्याच्या टोकाला असेल, तर गुडघे दुखणाऱ्या किंवा रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या व्यक्तीसाठी तळमजल्यावरील, जोडन्हाणीघराची खोली थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.

नोंदणी करतानाच्या चुका किरकोळ दिसतात आणि मनस्ताप मोठा देतात. कारंजा नावाचे दुसरे तालुक्याचे गाव वर्धा जिल्ह्यात असून ते कारंजा घाडगे म्हणून ओळखले जाते, तर रायगड जिल्ह्यात उरणजवळही एक कारंजा आहे. मोबाइलवर नुसते ‘कारंजा’ टाकून खोली राखणारा प्रवासी शंभरहून अधिक किलोमीटर दूरच्या गावाचे पैसे भरून बसू शकतो, म्हणून वाशीम जिल्हा आणि ४४४१०५ हा पिनकोड या दोन खुणा पटवून घ्याव्यात. अनेक देवस्थानांत उत्सवाच्या दिवसांत आगाऊ नोंदणी होत नाही व येईल त्याला क्रमाने खोली मिळते. तसेच एकट्या व्यक्तीला खोली न देण्याची प्रथाही पुष्कळ ठिकाणी आहे. परदेशी पासपोर्ट असलेली मुले किंवा सुना-जावई बरोबर असतील, तर त्यांची माहिती शासनाला कळवणे निवासचालकावर बंधनकारक असते आणि लहान धर्मशाळांना ते जमतेच असे नाही, म्हणून अशा कुटुंबांनी फोनवरच ही बाब उघड सांगावी.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईपर्यंत पूर्ण झाल्यापासून मुक्कामच टाळण्याचा एक नवा मोह निर्माण झाला आहे : रात्रभर गाडी हाकून पहाटे काकड आरतीला हजर व्हायचे आणि त्याच दिवशी परत फिरायचे. सरळ, एकसुरी रस्त्यावर पहाटेच्या प्रहरी चालकाला येणारी डुलकी हा या बेतातील धोका आहे आणि खोलीचे भाडे वाचवण्यासाठी तो पत्करण्याजोगा नाही. शेगाव, कारंजा आणि माहूर अशी जोडयात्रा करणाऱ्यांनी तिन्ही ठिकाणी एकेक रात्र वाटण्याऐवजी ज्या स्थानी पहाटेची उपासना करायची आहे तेथेच रात्र काढावी आणि उरलेल्या स्थानांचे दर्शन दिवसाउजेडी घ्यावे.

निर्णयाचा क्रम म्हणूनच पुढीलप्रमाणे असावा. प्रथम तिथी पंचांगात पाहून ती कोणत्या इंग्रजी तारखेला आणि कोणत्या सुट्टीजवळ येते ते ठरवावे. नंतर त्या दिवसांतील कोणत्या आरत्या व पूजा साधायच्याच आहेत ते कुटुंबाने आपसांत निश्चित करावे. मग मंडळींतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान व्यक्ती त्या वेळा पाळू शकेल असे, पायी जाण्याजोग्या अंतरावरील निवास शोधावेत. आणि त्यांतून पहाटेचे पाणी, पांघरूण व भोजनाचे नियम यांविषयी नेमके उत्तर देणारा निवास निवडावा. गावात जागा मिळाली नाही, तर उत्सवाच्या गर्दीत दुरून धावपळ करण्यापेक्षा तिथीच्या पुढेमागे आठवडाभर अंतर ठेवून येणे अधिक शहाणपणाचे आहे. ज्यांचा पारायणाचा किंवा जयंतीचा संकल्प नाही, त्यांना त्या दिवसांत निवांत दर्शन तर घडतेच, शिवाय व्रत घेऊन आलेल्या एखाद्या कुटुंबाला ऐन तिथीला मंदिराजवळची खोली मोकळी राहते.