चिप मेली म्हणण्याआधी तार मोजा

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात आम्हा खानदेशी लोकांची वस्ती मोठी. घरातली मोठी माणसं लूमवर नाहीतर एम्ब्रॉयडरी मशीनवर कामाला. त्यांची आयटीआय-डिप्लोमाची मुलं मायक्रोकंट्रोलर शिकू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पैसा बेताचा, म्हणून पॅरलल पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर आणि घरीच डाग दिलेली केबल यांवर शिकणं सुरू होतं. त्यात वावगं काही नाही. पण याच टप्प्यावर चांगल्या चिपा कचऱ्यात जाताना मी पाहिल्या आहेत.

गल्लीतला एक मुलगा अ‍ॅटमेगा८ या मायक्रोकंट्रोलरच्या काही चिपा घेऊन आला. "काका, सगळ्या मेल्या. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला." चिपमध्ये प्रोग्राम भरणारं एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर दरवेळी सांगत होतं, चिप उत्तर देत नाही. मी मल्टिमीटर बीपवर लावून केबल तपासली. कॉम्प्युटरकडच्या कनेक्टरवर रीसेट पिन १६ वर, घड्याळाचा सिग्नल एससीके १ वर, चिपेकडे डेटा नेणारी मोसी २ वर, चिपेचं उत्तर आणणारी मिसो ११ वर. ही 'डापा' पद्धतीची केबल. कमांडमध्ये मात्र 'एसटीके२००' लिहिलेलं. त्या मांडणीत सॉफ्टवेअर एससीके ६ वर, मोसी ७ वर आणि रीसेट ९ वर देतं, उत्तर १० वर ऐकतं. चिपेपर्यंत काही पोहोचतच नव्हतं. प्रोग्रामरचं नाव बदललं आणि १ई ९३ ०७ ही अ‍ॅटमेगा८ची ओळख स्क्रीनवर आली. दुकानदाराचा माल खरा होता.

म्हणून आधी केबल मोजा, मग सेटिंग भरा. २५ पिनांच्या कनेक्टरवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो, तोच खरा माना. डाग देण्याच्या बाजूनं पाहिलं की क्रम उलटा दिसतो आणि डावं-उजवं हमखास चुकतं. २ ते ९ या डेटाच्या पिना आणि १, १४, १६, १७ या कंट्रोलच्या पिना कॉम्प्युटरकडून बाहेर सिग्नल देतात. १०, ११, १२, १३ आणि १५ आत घेतात, म्हणून मिसो या पाचांपैकी एकीवरच हवी. १८ ते २५ ग्राउंड.

तयार मांडणी जुळत नसेल तर एव्हीआरड्यूडच्या कॉन्फिग फाइलमधली पॅरलल प्रकारची एखादी नोंद कॉपी करा, तिला वेगळं नाव द्या आणि मोजलेले आकडे भरा. पिन १, ११, १४ आणि १७ पोर्टमध्येच उलट चालतात, पण ते एव्हीआरड्यूड स्वतः सांभाळतं. आकड्याआधी लाटेसारखी खूण (~) तुमच्या सर्किटात सिग्नल उलटवणारा ट्रान्झिस्टर किंवा बफर असेल तरच घाला. पोर्टचा पत्ता बायोसमध्ये पाहा, बहुधा हेक्स ३७८ असतो. लिनक्सवर प्रिंटरचा 'एलपी' ड्रायव्हर पोर्ट अडवून बसला असेल तर तो काढा. यूएसबीला लावायची प्रिंटर केबल इथे चालत नाही, कारण तिच्यातून एकेक पिन हलवता येत नाही.

नवी अ‍ॅटमेगा८ आतल्या १ मेगाहर्ट्झवर चालते. एससीके त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा हळू हवा. ओळख कधी येते, कधी नाही, असं झालं तर एव्हीआरड्यूडच्या 'आय' पर्यायानं वेग कमी करा आणि केबल आखूड ठेवा. ओळख लागोपाठ बरोबर येईपर्यंत फ्यूजला, म्हणजे चिपच्या आतल्या मूळ सेटिंगला, हात लावू नका, आणि ओळख चुकीची असताना जबरदस्तीनं पुढे जाणारा 'एफ' पर्याय वापरू नका. रीसेट बंद करणारा फ्यूज बसला तर या केबलनं ती चिप परत उघडत नाही, १२ व्होल्टचा प्रोग्रामर लागतो.

सगळ्यात कळकळीनं सांगतो ते जिवाचं. चिप मशीनच्या बोर्डावर बसवलेली असेल तर सावध राहा: काही स्वस्त मशीन बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांचं ग्राउंड थेट मेनशी जोडलेलं असतं. असा बोर्ड चालू असताना केबल लावली तर पोर्ट जळेल आणि शॉकनं माणूस जाऊ शकतो. चिप काढून वेगळ्या ५ व्होल्टवरच प्रोग्राम करा. केबल लावताना कॉम्प्युटर आणि सप्लाय दोन्ही बंद ठेवा, आणि सिग्नलच्या तारांत ३३० ओहमच्या आसपासचे रेझिस्टर घाला.

मोजलेल्या पिनांचा कागद केबललाच चिकटवा. मदत मागायला जाल तेव्हा तो कागद सोबत न्या. निम्मी अडचण तिथेच सुटेल.