राजा ही विभूती, पण कोणत्या अर्थाने?

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना मनुष्यांतील राजाचाही उल्लेख केला आहे. राजा जर ईश्वराची विभूती, तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला नाही, असे अनुमान यावरून निघते काय? इंग्लंडमध्ये ईश्वरदत्त राजाधिकाराचे असेच अनुमान प्रत्यक्ष राजांनी काढले होते. तेथील इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

पहिला जेम्स हा मोठा व्यासंगी राजा. केवळ स्कॉटलंडच्या गादीवर असतानाच, १५९८ साली, त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. राजाला अधिकार ईश्वराकडून मिळतो, म्हणून तो उत्तरदायी केवळ ईश्वराला. राजा दुष्ट निघाला तरी प्रजेने सोसावे आणि प्रार्थना करावी, असे त्याचे प्रतिपादन. १६०३ मध्ये तो इंग्लंडचाही राजा झाला, आणि १६१० साली पार्लमेंटपुढे बोलताना राजांना देव म्हणणे यथार्थच आहे, असे त्याने सांगितले. अर्थात, शपथ घेतलेला राजा कायदे पाळण्यास बांधलेला असतो, हेही त्याच भाषणात त्याने मान्य केले होते, हे विसरता कामा नये. न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी मात्र याच्याही पुढे जाऊन राजा ईश्वराच्या व कायद्याच्या अधीन आहे, असे त्याला तोंडावर सांगितले. १६१६ मध्ये कोक यांना न्यायासनावरून दूर करण्यात आले.

ईश्वराच्या अधीन असणे आणि कायद्याच्या अधीन असणे ही दोन नव्हेत, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायावरून स्पष्ट होते. तिन्ही लोकांत मिळवावयाचे काही उरले नसूनही भगवंत कर्म सोडीत नाहीत, कारण लोक त्यांच्याच मार्गाने जाणार. ज्याच्या नावाने राजा बंधनातून सुटू पाहतो, तो ईश्वर स्वतः सुटत नाही! महाभारताच्या शांतिपर्वात तर अधर्मी वेन राजाचा वध ऋषींनीच केला आणि त्याच्यामागून आलेल्या पृथूकडून प्रथम प्रतिज्ञा करवून घेतली.

जेम्सचा पुत्र चार्ल्स याने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे पार्लमेंट न बोलावताच राज्य केले. समुद्रकाठच्या परगण्यांवर बसणारा जहाजांचा कर त्याने समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादला. १६४२ मध्ये यादवी पेटली, राजाचा पराभव झाला, आणि जानेवारी १६४९ मध्ये त्याला न्यायालयापुढे उभे करण्यात आले. ते न्यायालयही निर्दोष नव्हते. विरोधी सभासदांना सैन्याने आधीच पार्लमेंटबाहेर काढले होते, आणि उमरावांच्या सभेची त्यास संमती नव्हती. चार्ल्सने आरोपांना उत्तर देण्याचेच नाकारले. आपणांस कोणत्या कायद्याने येथे आणले, असा त्याचा प्रश्न होता. केवळ बळाच्या जोरावर कायदे करता येऊ लागले, तर कोणाही प्रजाजनाच्या जीविताची वा मालमत्तेची शाश्वती उरणार नाही, असे तो म्हणाला. हाच युक्तिवाद कर लादला गेलेल्या प्रजेने त्याच्याविरुद्ध करावा, असा होता.

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमधील व्हाइटहॉल राजवाड्याच्या मेजवानीगृहातून त्याला वधस्तंभाकडे नेण्यात आले. त्या दालनाच्या छतावर चित्रकार रूबेन्सची भव्य चित्रे आहेत. ती चार्ल्सनेच करविली होती. मधल्या चित्रात राजा जेम्स स्वर्गारोहण करीत आहे.