मोठ्या मत्स्यालयातील वाळूची गाळणी

मत्स्यालयाच्या काचेतून पाणी नितळ दिसले म्हणजे ते माशांना मानवते, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज कोठे फसतो, हे कळण्यासाठी वाळूच्या गाळणीचे कार्य व तिची मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

वाळूतून पाणी गाळण्याची रीत नळपाणी योजनांमुळे परिचित आहे. १८२९ साली लंडन येथे जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने टेम्स नदीचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून नागरिकांना पुरविले. मोठ्या मत्स्यालयांत हीच क्रिया बंद टाकीत पंपाच्या दाबाखाली घडविली जाते. टाकीच्या तळाशी खडी व तीवर सुमारे अर्धा मिलिमीटर कणांची धुतलेली वाळू असते. पाणी वरून खाली झिरपताना उरलेले खाद्य, विष्ठा व शेवाळाचे तुकडे वाळूत अडकतात.

१० मीटर लांब, ५ मीटर रुंद व २ मीटर खोल हौदात १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर पाणी मावते. तेवढे पाणी दर दोन तासांनी गाळावयाचे झाल्यास पंपाने ताशी ५० घनमीटर पाणी खेचले पाहिजे. गाळणीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून ताशी २५ घनमीटर पाणी जाईल असे धरल्यास सुमारे १.६ मीटर व्यासाची टाकी लागते. वेग फार वाढविल्यास बारीक कण निसटतात.

घाण साचेल तसा दाबमापकाचा काटा चढतो. स्वच्छ स्थितीतील दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलोग्रॅम वाढ होताच पाणी खालून वर सोडून वाळू धुवावी. काटा चढला नाही तरी ठरावीक दिवशी धुणे टाळू नये. कारण अडकलेली घाण पाण्यातच असते व ती कुजून अमोनिया निर्माण होतो. पंप काही तास बंद राहिल्यास वाळूतील प्राणवायू संपतो. अशा वेळी गाळणीतील पाणी हौदात न सोडता आधी ती धुवून घ्यावी.

विरघळलेला अमोनिया वाळूच्या कणांत अडकत नाही. त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंसाठी स्वतंत्र गाळणी ठेवावी लागते आणि पाण्याची नियमित तपासणी करावी लागते.

शिक्षकांनी हा भेद वर्गात सहज दाखवावा. वाळू भरलेल्या बाटलीतून मीठ घातलेले गढूळ पाणी गाळावे. पाणी नितळ होईल. परंतु त्याचे थेंब उन्हात वाळविले असता मीठ मागे राहिलेले दिसेल.