पत्ता आपला, पेटी भाड्याची

बाळा, तुझ्या केटरिंगच्या नावाचं फुकट इमेल बंद होणार असं पत्र आलंय आणि तू दोन वेळचं धड जेवत नाहीस, हे तुझ्या आईने कळवलं. जेव आधी. स्वतःच्या डोमेनवरचं फुकट इमेल जाणं, हे काही तुझ्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही. गूगलने २००६ मध्ये ही सोय फुकट द्यायला सुरुवात केली, २०११ मध्ये नव्या खात्यांना दहा माणसांची मर्यादा घातली, डिसेंबर २०१२ मध्ये नव्यांना दार लावलं आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्यांनाही पैसे भरा म्हणून सांगितलं. मायक्रोसॉफ्टने तर नवी डोमेनं घेणं २०१४ मध्येच थांबवलं होतं. अशा सोयी एका रात्रीत जात नाहीत, पायरीपायरीने जातात. फुकटाच्या पंगतीला जरूर बसावं, फक्त घरची चूल मोडून बसू नये. आता पेन घे आणि लिहून घे.

१. डोमेन वेगळं आणि मेलची पेटी वेगळी, हे आधी डोक्यात पक्कं कर – डोमेन तुझं असलं की पेटी कुणाकडेही हलवता येते, आणि गिऱ्हाइकाला पेटी बदलल्याचं कळतसुद्धा नाही.

२. ते डोमेन खरंच तुझ्या नावावर आहे का, ते आजच्या आज बघ – वेबसाइट करून देणारी पोरं बरेचदा ते स्वतःच्याच खात्यातून घेतात. मग धंदा तुझा, किल्ली त्याची, आणि तो हिंजवडीत नोकरीला.

३. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीकडे, नोंदवलेला इमेल त्याच डोमेनवरचा नसावा – मेल बंद पडला की पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद पेटीत जाऊन पडते. पेटीची किल्ली पेटीत ठेवणारा शहाणा रात्रभर ओट्यावर बसतो.

४. डोमेनचं नूतनीकरण कार्डाच्या ऑटोपेवर सोडू नकोस – रिझर्व्ह बँकेचे नवे नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाले, तेव्हा परदेशी कंपन्यांचे कितीतरी आपोआप जाणारे हप्ते अडकले. डोमेनचे पैसे एकदम दहा वर्षांपर्यंत भरता येतात. तू निदान पाच वर्षांचे तरी भर.

५. जुनं डोमेन नकोसं झालं तरी लगेच सोडू नकोस – मोकळं झालेलं नाव कुणीही उचलतो, आणि मग तुझ्या नावाने येणारं बँकेचं पत्र आणि पासवर्डची लिंक दोन्ही त्याच्या हातात.

६. पहिल्या नोटिशीला पळू नकोस आणि शेवटचीपर्यंत झोपूही नकोस – २०२२ मध्ये गूगलनेच मुदत पुढे ढकलली, आणि मे महिन्यात घरगुती वापर करणाऱ्यांना फुकटच राहू दिलं. आडनावाचं डोमेन घेऊन ठाणे, पुणे, न्यू जर्सी अशी भावंडं एका पत्त्याखाली ठेवलेल्यांपैकी जे थांबले, त्यांचे पैसे वाचले. धंद्यांना मात्र ती सवलत नव्हती, तेव्हा तू तसल्या आशेवर राहू नकोस. आपल्या बेलपाड्यावरून जाणारी नवी मुंबई मेट्रो २०११ मध्ये काम सुरू होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली म्हणून सगळ्याच तारखा पुढे जातात, अशी आपल्याकडच्या लोकांची एक समजूत झालीय. मेलवाल्यांची शेवटची तारीख आली की खातं खरंच बंद होतं.

आता नवी पेटी कुठे घ्यायची ते सांगते. फुकटाचे पर्याय अजून आहेत, पण प्रत्येकात एक मेख आहे.

७. चेन्नईच्या झोहोचा फुकट प्लॅन बघ, पण मेख वाचून घे – पाच माणसं, माणशी ५ जीबी, आणि मेल उघडायचा तो ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्याच ॲपमध्ये. आउटलुक, थंडरबर्ड जोडता येत नाही, आणि तुझे बाबा आउटलुक सोडणार नाहीत हे मला माहीत आहे.

८. नुसती चौकशीची पत्रं येत असतील तर क्लाउडफ्लेअरसारखं फुकट फॉरवर्डिंग पुरे – पत्र तुझ्या डोमेनवर येतं आणि तुझ्या नेहमीच्या जीमेलमध्ये पडतं. पण उत्तर दिलंस की ते साध्या जीमेलच्या पत्त्यावरून जातं, म्हणून लग्नाचं कोटेशन पाठवणाऱ्याने एवढ्यावर भागवू नये.

९. वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळणाऱ्या पेटीवर धंदा टांगू नकोस – एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं असतात. एकाने कचरा पाठवला की तुझं साधं मेनूकार्डही लोकांच्या स्पॅममध्ये जातं.

१०. माझं विचारशील तर सरळ पैसे भर, पण एकाच पेटीचे – भाडं माणशी असतं, पत्त्याला नाही. ऑर्डरचा, हिशेबाचा, चौकशीचा असे वेगवेगळे पत्ते एलियास म्हणून त्याच एका पेटीवर घेता येतात, आणि झोहोची साधी पेटी महिन्याला शंभर रुपयांच्या आत पडते. एका ताटाचे पैसे वाचवायला वर्षाची काळजी विकत घेऊ नये.

११. हलवताना आधी नव्या जागी सगळे पत्ते तयार कर आणि मगच एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे पत्रं कुठल्या सर्व्हरवर जावीत ते सांगणारी डोमेनची नोंद, बदल – समोरचा सर्व्हर नुसता बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण सर्व्हर चालू आणि तुझी पेटीच नाही, असं झालं तर 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' म्हणत पत्र त्याच क्षणी परत जातं, आणि त्याच्याबरोबर वऱ्हाडाची ऑर्डरही.

१२. आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आण – चूक झालीच तर पाच मिनिटांत मागे फिरता येतं.

१३. एसपीएफची ओळ, म्हणजे तुझ्या नावाने कुणी पत्र पाठवावं ती यादी, डोमेनला एकच असते, हे विसरू नकोस – नव्या कंपनीची ओळ टाकताना लोक जुनी तशीच ठेवतात आणि दोन ओळी झाल्या की दोन्ही फुकट. जुनी काढ किंवा दोन्ही एकात मिसळ, आणि डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची डोमेनची सही, तीही लावून घे; फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबतीत भलतेच कडक झालेत.

१४. जुनी पत्रं थंडरबर्डने घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घे, आणि कॅलेंडर, संपर्क, ड्राइव्हही बघ – इमेल वाचवताना बाकीचं विसरायला होतं. २०२२ मध्ये लोक इथेच अडकले होते, विकत घेतलेली ॲप त्या खात्याला चिकटलेली आणि दुसरीकडे नेता येईनात.

१५. जीएसटी, आयकर, बँक, महावितरण आणि पनवेल महापालिकेचा मालमत्ता कर, यांना धंद्याच्या डोमेनवरचा पत्ता देऊच नकोस – त्यांच्यासाठी एक साधा वेगळा पत्ता ठेव, म्हणजे धंद्याचा मेल रुसला तरी ओटीपी रुसत नाही.

१६. डॉट भारतमध्ये देवनागरीत नाव २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून घे, पाटीवर रंगव – पण फॉर्ममध्ये भरू नकोस, बरीच संकेतस्थळं तो पत्ता अजून चुकीचा ठरवतात.

१७. रजिस्ट्रारचं नाव, लॉगिन, संपायची तारीख आणि मेल कुणाकडे आहे, एवढ्या चार ओळी वहीत लिही आणि वही बायकोला दाखवून ठेव – तू वाढप्यांच्या मागे धावत असताना फोन तीच उचलते.

१८. सगळं हलवून झालं तरी जुनं खातं बंद होईपर्यंत आठवड्यातून एकदा उघडून बघ – कुणीतरी जुन्या कॅलेंडरच्या आमंत्रणालाच उत्तर देत असतो.

एवढं वाचून डोकं गरगरलं असेल तर रविवारी पेंधरहून मेट्रोत बस आणि बेलपाड्याला उतर, दोघं मिळून तासाभरात उरकू. येताना लॅपटॉप आणि रजिस्ट्रारचा पासवर्ड आण. पासवर्ड सापडत नसेल तर माझ्याकडे यायच्या आधी त्या वेबसाइटवाल्या पोराला फोन कर, आणि त्याच्याशी गोड बोल.