परसबाग आणि घरकाम

माघ सरताना परसातील कामे वाढतात. आळी खणून शेणखत घालणे, दुधी-दोडक्याचे बी लावणे, वेलांना मांडव घालणे हे सारे स्वयंपाक-धुणीभांडी सांभाळूनच चालते. भांडी विसळलेले पाणी अळूच्या वाफ्यात जाते. चुलीतील राख माव्यावर पडते. घरकाम व बागकाम असे परस्परांत गुंतलेले आहे.

अर्थशास्त्र मात्र त्यांत भेद करते. परसात पिकलेला दुधी तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. तोच चिरून शिजविण्याचे घरातील श्रम धरले जात नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातील रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला.

‘काय करता?’ असे विचारले की आई म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ मित्रहो, हे उत्तर आपणांस खरे वाटते काय?