पाठ १२ : बेगमी

स्तर ४ · वाचन, शब्दसंपत्ती, व्याकरण

वाचण्याआधी

१. तुमच्या घरात तांदूळ कुठे ठेवतात? आत्ता आहे तेवढा तांदूळ किती दिवस पुरेल?
२. घरातले सगळे एकदम आजारी पडले, तर खिचडी कोण करेल?

हे दोन्ही प्रश्न घरच्यांना विचारा. उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि मग पुढे वाचा.

१. शब्दाची गोष्ट

पुढच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेल्या साठ्याला ‘बेगमी’ म्हणतात. हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘बे’ म्हणजे ‘शिवाय’ आणि ‘गम’ म्हणजे ‘दुःख, काळजी’. घरातले डबे भरलेले असले की काळजी नसते, म्हणून त्या साठ्यालाच ‘बेगमी’ हे नाव मिळालं.

महाराष्ट्रात पूर्वी मोठी बेगमी असायची ती पावसाळ्याची. साधारण ७ जूनला मृग नक्षत्र लागतं. मग कोकणात जवळजवळ चार महिने पाऊस. ओढ्यांना पूर यायचा, वाटा बंद व्हायच्या, बाजाराला जाणं अवघड व्हायचं. म्हणून एप्रिल-मेच्या कडक उन्हात अंगणात पापड, कुरडया, सांडगे वाळत पडायचे. डाळी उन्हं दाखवून डब्यात जायच्या. कांद्याच्या माळा टांगल्या जायच्या. सुकी मासळी आणि चुलीसाठी कोरडं सरपण आधीच घरात यायचं. कोकणात या तयारीला ‘अगोटीची तयारी’ असंही म्हणतात.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही सगळी कामं पाऊस सुरू होण्याच्या *आधी* व्हायची. पहिली सर आल्यावर पापड वाळवता येत नाहीत!

२. पण सिंगापुरात हिवाळा कुठे आहे?

तुम्ही चोआ चू कांगला राहत असाल, तर म्हणाल, “आमच्याकडे ना मृग, ना हिवाळा. आम्ही कशाची बेगमी करायची?”

प्रश्न बरोबर आहे. सिंगापुरात बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी पाऊस येतो, सलग दोन-तीन दिवस झड लागते, आणि पारा कधी कधी २२ अंशांपर्यंत खाली येतो. मग लोक कपाटातून स्वेटर काढतात. याहून जास्त थंडी काही पडत नाही.

फ्लू मात्र थंडीची वाट बघत नाही. युरोपात किंवा अमेरिकेत तो मुख्यतः हिवाळ्यात पसरतो. सिंगापुरात तो वर्षभर असतो आणि साधारण दोनदा जोर धरतो. एकदा वर्षाच्या मध्याला, मे ते जुलैच्या सुमारास, आणि एकदा वर्ष संपताना, डिसेंबरपासून पुढे. म्हणजे आपल्याला हिवाळा एकही नाही, पण फ्लूचे हंगाम दोन!

३. शरीराची बेगमी

फ्लूची लस हीसुद्धा एक बेगमीच आहे. ती घेतल्यावर शरीराला तयारी करायला सुमारे दोन आठवडे लागतात. शेजारचा मुलगा खोकायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. यालाच मराठीत ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ म्हणतात.

एकदा लस घेतली की झालं, असंही नाही. फ्लूचा विषाणू सतत बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, नव्या लसीत काय असावं ते सुचवते. गेल्या वर्षीचे पापड या वर्षी तळता येतील; गेल्या वर्षीच्या लसीवर मात्र विसंबता येत नाही.

लस कोणी घ्यायला हवी? सहा महिने ते पाच वर्षांखालची मुलं, ६५ आणि त्यावरच्या वयाची माणसं, गरोदर स्त्रिया, आणि मधुमेह, दमा यांसारखे जुने आजार असलेले लोक. यांना फ्लू झाला तर तो गंभीर होण्याची भीती जास्त असते. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं नाही. पण झालाच, तर तो बहुधा सौम्य असतो आणि हॉस्पिटलात जायची वेळ कमी येते.

आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ? त्याला ही लस देता येत नाही. त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी लस घेतली, तर त्यांच्याकडून बाळाला फ्लू होण्याची शक्यता कमी होते. धाकट्या भावंडासाठी ताई-दादाने करायची ही बेगमी आहे.

चोआ चू कांगचं पॉलिक्लिनिक टेक व्हाय क्रेसेंटवर आहे. तिथे किंवा जवळच्या डॉक्टरांकडे लस मिळते. सरकारी सवलत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असते. भारतातून पाहुणे म्हणून येणाऱ्या आजी-आजोबांना ती मिळत नाही. म्हणून त्यांनी निघण्याच्या दोन आठवडे तरी आधी, तिकडच्या डॉक्टरांना विचारून लस घेतलेली बरी.

फोनवर (मोठ्याने वाचा. एकाने आजी व्हा, एकाने नात.)

आजी : अगं, मी डिसेंबरात येतेय. येताना काय आणू?
नात : मेतकूट आण! आणि आजी, तू फ्लूची लस घेतलीस का?
आजी : मला काय धाड भरलीय? आणि तुमच्याकडे थंडी तरी कुठे असते?
नात : थंडी नसली तरी फ्लू असतो. आणि लस लगेच काम करत नाही, दोन आठवडे लागतात. निघायच्या आधी घेऊन टाक ना.
आजी : बरं बाई, विचारते डॉक्टरांना. पण तुम्ही घेतलीत का?
नात : अं… थांब हं, बाबांना विचारते.

४. कपाटाची बेगमी

तुम्ही म्हणाल, लॉट वन मॉल जवळच आहे, मग साठा कशाला? पण अंगात ताप असताना खालच्या दुकानापर्यंत जाणंही जिवावर येतं. आणि आपले खास जिन्नस आणायला लिटल इंडियाला जायचं, तर आधी एलआरटीने बुकिट पांजांग आणि तिथून डाउनटाउन लाइन. आजारी माणसाने एवढा प्रवास करायचा तरी कशाला? आणि गर्दीत खोकत जाऊन इतरांना आजार वाटायचा तरी कशाला?

दोन आठवडे पुरेल इतकं घरात असलं, तर बस्स. तांदूळ, मूगडाळ, तूरडाळ, पोहे, रवा, गूळ, तूप. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं, कारण तापातून उठलेल्या माणसाला मऊ भात, तूप, मेतकूट यासारखं दुसरं काही गोड लागत नाही. त्यासोबत थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि आजी-आजोबांची रोजची औषधं.

इथली हवा दमट. डबा घट्ट लावला नाही, तर रव्यात जाळी होते, डाळीला कीड लागते आणि पापडाला बुरशी येते. म्हणून हवाबंद डबे वापरा आणि एक नियम पाळा : *जुनं आधी, नवं नंतर.* नवं पाकीट आणलं की ते मागे ठेवा, जुनं पुढे घ्या.

५. बेगमी आणि साठेबाजी

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२०. कोरोनाच्या साथीमुळे सिंगापूर सरकारने धोक्याची पातळी नारिंगी केली. त्याच संध्याकाळी लोक दुकानांत धावले. तांदूळ, नूडल्स, टॉयलेट पेपर यांची फडताळं बघता बघता रिकामी झाली. देशात तांदूळ संपला होता का? मुळीच नाही. मंत्र्यांनी पुरेसा साठा असल्याचं सांगितलं. तरी फेअरप्राइसला मर्यादा घालावी लागली : एका गिऱ्हाइकाला तांदळाच्या दोनच पिशव्या.

सिंगापूर आपल्या अन्नापैकी ९० टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं. म्हणून देशाचीही बेगमी असते. साठा-योजनेत येणाऱ्या तांदळाचे आयातदार महिन्याला जितका तांदूळ आणतात, त्याच्या दुप्पट साठा त्यांना गोदामात ठेवावा लागतो. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अशा साठ्याचं महत्त्व कळलं. पुढे भारताने सिंगापूरसाठी ५०,००० टनांची खास परवानगी दिली.

मग त्या शुक्रवारी चुकलं काय? बेगमी शांतपणे, वेळेआधी आणि मोजून केली जाते. साठेबाजी घाबरून, आयत्या वेळी आणि मोजमाप सोडून होते. एरवी दर आठवड्याला एक पाकीट जास्त आणलं, तर कोणाचंच काही कमी होत नाही. पण सगळे एकाच संध्याकाळी दहा-दहा पाकिटं उचलू लागले, तर काठी टेकत हळूहळू येणाऱ्या आजोबांसाठी फडताळात काहीच उरत नाही.

वेळेवर केलेली बेगमी आपल्याला बिनघोर करते, आणि शेजाऱ्यालाही.

शब्दार्थ

झड – न थांबता पडणारा पाऊस
सरपण – चुलीत जाळायचं लाकूड
विसंबणे – भरवसा ठेवणे
धाड भरणे – (बोलीत) काहीतरी होणे, बिघडणे
फडताळ – भिंतीतलं किंवा भिंतीलगतचं कप्प्यांचं कपाट
आयत्या वेळी – अगदी शेवटच्या क्षणी
बिनघोर – काळजी नसलेला

व्याकरण : ‘-ऊन ठेवणे’

एखादं काम पुढच्या उपयोगासाठी आधीच केलं, की मराठीत ‘-ऊन ठेवणे’ वापरतात.

आईने डाळ आणली. (फक्त आणली.)
आईने डाळ आणून ठेवली. (पुढे लागेल म्हणून आणली.)

‘ठेवणे’ वापरून ही वाक्यं बदला :
१. बाबांनी डबे भरले.
२. मी डॉक्टरांचा नंबर लिहिला.
३. आजीने पापड वाळवले.

स्वाध्याय

१. चूक की बरोबर? चूक असेल तर वाक्य दुरुस्त करा.
 अ) सिंगापुरात फ्लू फक्त डिसेंबरात होतो.
 आ) लस घेतल्याच्या दिवसापासूनच ती पूर्ण काम करते.
 इ) चार महिन्यांच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही.
२. घरात पाच माणसं आहेत. रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ लागतो. १४ दिवसांसाठी किती किलो तांदूळ हवा?
३. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण तुमच्या शाळेतल्या एखाद्या प्रसंगाला लावून तीन वाक्यं लिहा.
४. घरी करा : कपाट उघडा. पाच जिन्नस निवडा आणि त्यांची नावं, मुदत व ते किती दिवस पुरतील हे मराठीत लिहा. मग आजी-आजोबांना फोन करून विचारा, “तुमच्या लहानपणी पावसाळ्याची बेगमी कशी करायचे?” त्यांनी सांगितलेला एक नवा शब्द पुढच्या तासाला वर्गात सांगा. आणि हो, फोन ठेवण्याआधी त्यांच्या लसीची चौकशीही करा.