मानवशास्त्र आणि बँकेचा हप्ता

बारावीचा निकाल चांगला लागलेला असतो, आणि मुलगी जाहीर करते की तिला मानवशास्त्र शिकायचंय. तुम्हा दोघांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: त्याचं पुढे काय होतं? प्रश्न रास्त आहे, तो विचारला म्हणून स्वतःला जुन्या वळणाचे समजू नका. फक्त तो अर्धा आहे. मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. विषय चुकला म्हणून हप्ते थकलेलं घर मला आठवत नाही. रक्कम पहिल्या पगाराला झेपणारी नव्हती म्हणून थकलेली घरं मात्र आठवतात, आणि त्यांत इंजिनिअरांचीही होती.

मानवशास्त्राची गंमत अशी, की हा विषय स्वस्तातही मिळतो आणि डोळे पांढरे होतील एवढ्या किमतीलाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. सरकारी विद्यापीठाची फी, खोलीभाडं आणि मेस धरूनही पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या एम.ए.चा खर्च मध्यमवर्गीय घराला कर्ज न काढता किंवा थोड्या कर्जात पेलतो. खासगी विद्यापीठांत हाच विषय ‘लिबरल आर्ट्स’च्या छत्राखाली शिकवतात आणि तिथे एका वर्षाची फीच लाखांत जाते. लंडनला एक वर्षाचं मास्टर्स करायचं तर राहण्या-खाण्यासकट 30 लाखांच्या खाली भागणं कठीण. परत आल्यावर मात्र पुण्यात शिकलेली आणि लंडनला शिकलेली, दोघी पहिल्या नोकरीसाठी बरेचदा एकाच संस्थेच्या दारात उभ्या असतात.

आता वही-पेन घ्या. 30 लाखांचं कर्ज, व्याज 11 टक्के. शिक्षणाचं एक वर्ष आणि त्यापुढचं सवलतीचं एक वर्ष हप्ता नसतो; पण व्याज थांबत नाही, ते सरळव्याजाने साठत राहतं. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल तर हे व्याज 6 लाख 60 हजार होतं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं. मग 36 लाख 60 हजारांवर 15 वर्षांचा हप्ता बसतो, महिना साधारण 41,600 रुपये. सगळे हप्ते मिळून 75 लाखांच्या घरात. याउलट 4 लाखांचं कर्ज, 10 टक्के दराने, दोन वर्षांच्या एम.ए.साठी घेतलं, तर सवलतीच्या काळाचं व्याज धरूनही 10 वर्षांचा हप्ता 7,000 च्या आत राहतो.

दुसऱ्या बाजूला उत्पन्न. आदिवासी भागात काम करणाऱ्या संस्था, आरोग्यविषयक संशोधन प्रकल्प, कंपन्यांचे सामाजिक निधी, बाजार संशोधन या ठिकाणी सुरुवातीला 30 हजारांच्या आगेमागे धरून चला. जास्त मिळालं तर आनंदच. नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी ते 42,000 होतं. ती मिळवणारे थोडे असतात. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचं एक केंद्र नागपूरला आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पण तिथल्या जागा मोजक्या आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. कॉलेजात शिकवायचं म्हणाल, तर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोला. सॉफ्टवेअर कंपन्यांत वापरकर्त्यांच्या सवयी अभ्यासायला मानवशास्त्रज्ञ लागतात, हेही खरं. इंटेलने 1998 साली जिनेव्हीव्ह बेल या मानवशास्त्रज्ञ बाईंना नोकरीवर घेतलं होतं. पगारही तिकडे बरा. पण त्यासाठी मुलाखती घेण्याबरोबर आकडेवारीही यावी लागते, हे मुलीला आत्ताच सांगा.

आणि हो, यूपीएससी. हे नाव निघालं की बाबांचा चेहरा उजळतो, कारण मानवशास्त्र हा तिथला लोकप्रिय ऐच्छिक विषय आहे. तो घ्यायला मानवशास्त्राची पदवी लागत नाही. कुठल्याही शाखेचा पदवीधर तो घेऊ शकतो आणि घेतोही. तेव्हा यूपीएससी हे या पदवीसाठी कर्ज काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांचं नाव मी मुद्दाम काढते. जर्मनीला जाऊन शिकायला त्यांच्या सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा विरोध होता. त्या गेल्या त्या काँग्रेसचे नेते जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. 1930 साली बर्लिनची डॉक्टरेट घेतली. त्यानंतर मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात काही वर्षं प्रशासनाचं काम केलं आणि डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या 1939 मध्ये. इरावतीबाईंसारख्या बुद्धीच्या बाईला डॉक्टरेटनंतर तिथवर पोचायला नऊ वर्षं लागली. मधल्या काळात नवऱ्याचा पगार घरात येत होता. तुमच्या मुलीलाही अशी दोन-चार मधली वर्षं लागतील असं गृहीत धरा. प्रश्न उरतो तो त्या वर्षांत हप्ता कोण भरणार हा.

बहुतेक वेळा तुम्ही. कारण कागदावर सहकर्जदार म्हणून सही तुमची असते. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे मालमत्ता गहाण ठेवावी लागते. राहतं घरच ना? हप्ते थकले तर सिबिल (पतगुणांक) तिचा आणि तुमचा, दोघांचाही बिघडतो. तुम्ही 50 च्या पुढे असाल तर 15 वर्षांची मुदत निवृत्तीच्या पलीकडे जाते, एवढं तरी बघा. शिक्षण चालू असताना महिन्याचं व्याज भरत राहिलात तर पुष्कळ बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. जमत असेल तर जरूर भरा. 80-ई कलमाखाली व्याजावरची करसवलत आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच.

सरकारी मदतीचं सांगायचं तर कलाशाखेच्या वाट्याला ती कमीच येते. व्याज अनुदानाची केंद्राची जुनी योजना व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांपुरती होती. 2024 च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. संस्था त्या योजनेच्या यादीत आहे का ते आधी बघा. अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाची केंद्राची शिष्यवृत्ती आहे. पण 2022 च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास तिच्यातून वगळले. भटक्या जमातीतल्या मुलीने लंडनला जाऊन आपल्याच जमातीवर संशोधन करायचं म्हटलं, तर त्या नियमाप्रमाणे तिला पैसे नाहीत. मला याचा अजून राग येतो.

परदेशाची ओढ असेलच, तर अमेरिकेतली पीएचडी ही निराळी गोष्ट आहे. चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ होते आणि विद्यावेतनही मिळतं. मास्टर्सला असं क्वचित घडतं. शिवाय शिकून झाल्यावर तिथे इंजिनिअरला कामाची मुदत तीन वर्षांपर्यंत मिळते, सामाजिक मानवशास्त्रवाल्याला एकच वर्ष. म्हणून माझं मत विचाराल तर एम.ए. इथे, थोड्या खर्चात. मग एक-दोन वर्षं काम. आणि तेव्हाही ओढ टिकली तर पीएचडीचे अर्ज. राहतं घर गहाण टाकून एक वर्षाचं मास्टर्स मी माझ्या मुलीलाही करू दिलं नसतं.

तिला नाही म्हणण्याआधी एक काम सांगा. हा विषय शिकणाऱ्यांना लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कमाईची, देण्याघेण्याची माहिती काढायला शिकवतात. तिने आत्ताच मानवशास्त्राची पदवी घेतलेली चार-पाच माणसं गाठावीत आणि विचारावं: पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, पगार किती होता, कर्ज किती होतं, ते कुणी फेडलं. सगळं वहीत उतरवावं. कुणी उत्तर टाळलं, तर तेही लिहायला सांगा.